चकलांब्याचा मोची महोत्सव

रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, चकलांबा इथं बाजारतळावर उभारलेल्या मंडपात, राधाकिशन तळेकर यांचं तोंड बंद झालं. समोर गर्दी होती, तोंडापुढं माईक होता आणि जिल्हा परिषदेच्या चकलांबा गटाची उमेदवारी त्याच वेळी जाहीर होत होती. ही उमेदवारी तळेकर कित्येक वर्षं मागत होते. 'नाही' एवढा एक शब्द ते बोलले असते तरी पुरलं असतं. ते बोलले नाहीत.

तोंड कशानं बंद झालं याबद्दल वाद नाही. मोचीनं झालं. ते कोणी बंद केलं याबद्दल मात्र गावात दोन मतं आहेत.

राधाकिशन तळेकर यांना अख्खा गट 'आबा' म्हणतो. वय विचारलं तर ते 'पन्नाशीत' असं सांगतात. हे उत्तर त्यांनी मागच्या निवडणुकीतही दिलं होतं आणि त्याच्या मागच्याही. केस काळे आहेत, मिशी त्याहून काळी आहे. दात पांढरेशुभ्र आहेत आणि रात्री पेल्यात असतात. ही कवळी त्यांनी छत्रपती संभाजीनगरला जाऊन करून घेतली, कारण बीडला केली असती तर ते दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत बातमी गटात पोचली असती. घरात ती फक्त त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई यांना ठाऊक होती.

एवढी गुप्तता ठेवण्याचं कारण राजकीय होतं. पक्षानं या वेळी 'तरुण चेहरा' असं धोरण आखलं होतं. उमापूरचे अभिमन्यू हे तो चेहरा घेऊन तयारच होते. अभिमन्यू यांच्या नावावर एकही काम नव्हतं, पण वय तिशीच्या आत होतं आणि हसताना ते निर्धास्त हसत. त्यांच्या वाढदिवसाला जेसीबीच्या सोंडेतून फुलं उधळली गेली होती आणि क्रेननं हार घातला गेला होता. आबांचा मागचा वाढदिवस तलवारीनं केक कापून झाला. तो फोटो पोलिसांपर्यंत गेला, आबा दिवसभर ठाण्यात बसून आले आणि तलवार लग्नातल्या नवरदेवांना भाड्यानं देणाऱ्याची निघाली. त्यामुळं या वर्षी केक नको, तलवार नको आणि जेसीबी तर अभिमन्यूचा झालेला. काहीतरी नवीन पाहिजे होतं.

नवीन ते जपानहून आलं.

पाणी वाचवण्याच्या पद्धती बघायला शेतकऱ्यांचा एक अभ्यास दौरा जपानला गेला होता, त्यात आबा होते. पाण्याबद्दल त्यांनी परत येऊन काही सांगितलं नाही. सांगितलं ते मोचीबद्दल. तिकडं नव्या वर्षाला चिकट जातीचा तांदूळ वाफवून उखळात घालतात, लाकडी घणानं कुटतात आणि त्याचे मऊ गोळे करतात. दोन गोळे एकावर एक ठेवून, वर संत्र्यासारखं एक फळ ठेवून देवापुढं मांडतात. हॉटेलवाल्यांनी पाहुण्यांच्या हौसेसाठी कुटायचा कार्यक्रम ठेवला होता, त्यात आबांनी चार घण मारले. त्याचा व्हिडिओ गटातल्या प्रत्येक मोबाईलवर पोचला. आबांना आयुष्यात एवढी प्रसिद्धी कुठल्या कामानं मिळाली नव्हती.

नात आरोही हिला त्यात नवल वाटलं नाही. ती बीडला आठवीत शिकते आणि जपानी कार्टूनमधून तिला मोची केव्हाच माहीत होती. पुण्याच्या मॉलमध्ये तिनं आइस्क्रीम भरलेली मोची खाल्लीसुद्धा होती.

"आबा, चंद्रावर ससा दिसतो ना, तो त्यांच्याकडं मोची कुटत असतो," तिनं सांगितलं.

"मंग आपला ससा काय करतो?"

"काही नाही. नुसता बसतो."

"आपल्या गटातला दिसतोय," आबा म्हणाले आणि खूश झाले.

"पण बारीक बारीक तुकडे करून खायची हं, आबा. तिकडं दर नव्या वर्षाला म्हाताऱ्या माणसांच्या घशात अडकते. अग्निशमन दलवाले सांगत असतात, सावकाश खा म्हणून."

"म्हाताऱ्यांच्या अडकती ना? मंग आपल्याला काय करायचंय?"

सत्यभामाबाई तिथंच तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं एकदा पाहिलं आणि सूप घेऊन आत गेल्या.

या वर्षीचा वाढदिवस मोची महोत्सव म्हणून करायचं ठरलं आणि महोत्सवाची सूत्रं हनुमान यांच्याकडं आली. हनुमान हे आबांचे उजवे हात समजले जातात. फलक, मंडप, डीजे आणि घोषणा ही खाती त्यांची. फलकावर पूर्ण चंद्र होता. चंद्रावर फेटा बांधलेले आबा होते आणि एक ससा वाकून त्यांच्या हातात घण देत होता. मोची या शब्दानं कोणाचा भलताच समज व्हायला नको म्हणून प्रत्येक ठिकाणी 'जपानी मोची' असं लिहायचं ठरलं. जपानी संत्र्याच्या जागी मोसंबी आली. उखळ मिळणं अवघड गेलं. दगडी उखळ गावात एकच उरलं होतं, धुळाजींच्या वाड्यावर, आणि त्यात त्यांच्या शेळ्या पाणी पीत होत्या.

"न्या, पर शेळ्यांनी काय करायचं?" धुळाजींनी विचारलं.

"एक दिस बादलीत पितील की."

"त्या न्हाईत पीत बादलीत. तुमच्या आबांपरमानं हायत, जागा सोडत न्हाईत."

तांदळाचा प्रश्न त्याहून मोठा होता. हा ज्वारी-बाजरीचा मुलूख. भात इथं पाहुणा आला किंवा पोट बिघडलं की शिजतो. चिकट तांदळाची एक छोटी पिशवी पुण्याहून मागवली ती फोटोसाठी. बाकीच्यांसाठी दुकानातला कोलम घेतला. रेशनचा तांदूळ वापरलेला नाही, असं हनुमान यांनी कोणी विचारलं नसताना दोनदा सांगितलं. आदल्या दिवशी तालीम झाली. कोलम कुटला तेव्हा लहान लेकरांना भरवतात तसला गुरगुट्या भात झाला. गोळा होईना, ओढला तर लांबेना. मोची जपानमध्ये ताणली जाते आणि चकलांब्यात वाहते, हे अभिमन्यूच्या माणसांना कळलं असतं तर महोत्सव संपलाच होता.

मग कोणाच्या तरी डोक्यात डिंक आला. लाडवाचा डिंक पाण्यात उकळला, त्यात मैदा घातला, साखरेचा पाक घातला आणि सगळं त्या भातात ओतून पुन्हा कुटलं. थोड्या वेळानं घण वर उचलला तर त्याला चिकटून गोळा आला आणि गोळ्याला चिकटून उखळ हललं. उपस्थितांनी टाळ्या वाजवल्या. हनुमान यांनी चिमूटभर चाखून शेरा दिला, "जपानपेक्षा भारी!" जपानला ते गेलेले नाहीत.

रविवारी मंडप वेळेवर भरला. प्रमुख पाहुणे म्हणून पक्षाचे जिल्हा निरीक्षक शिवशंकरराव आले होते. उमेदवारीबद्दल ते काहीतरी बोलतील हे सगळ्यांना माहीत होतं आणि काय बोलतील हे आपल्याला माहीत आहे, असं आबांना वाटत होतं. अभिमन्यूही आले होते. न येणं वाईट दिसलं असतं.

आधी कुटण्याचा कार्यक्रम झाला. हनुमान यांनी माईकवरून पद्धत समजावून सांगितली. एकानं घण मारायचा. घण वर गेला की दुसऱ्यानं ओल्या हातानं उखळातला गोळा पलटायचा. हात निघाला की पुन्हा घण. जपानमध्ये अशा जोड्या वर्षानुवर्षं ठरलेल्या असतात.

"मग प्रश्नच मिटला," शिवशंकरराव म्हणाले. "आबा आणि अभिमन्यू! पक्षाची एकजूट दिसू द्या लोकांना."

"घण कोणाकडं, साहेब?" अभिमन्यू यांनी विचारलं.

"आबांकडं. वाढदिवस त्यांचा आहे."

अभिमन्यू यांनी उखळात वाकून पाहिलं. "साहेब, पुढच्या महिन्यात माझा साखरपुडा हाय. बोटं लागतील."

मंडप हसला. आबाही हसले आणि मोठ्या मनानं म्हणाले, "मंग तू मार घण. मी पलटतो."

अभिमन्यू यांनी लगेच घण उचलला. तेवढ्याच लगबगीनं आबांनी हात खिशात घातला. चकलांबा गटात त्या दिवशी वीस-पंचवीस पदाधिकारी हजर होते. घण धरायला सगळे तयार होते. खाली हात घालणारा एकही निघाला नाही. शेवटी गोळा न पलटताच कुटायचं ठरलं. आबांनी फोटोपुरते घण मारले, उरलेलं आचाऱ्याच्या माणसांनी उरकलं. न पलटल्यामुळं वरचा भाग रबरासारखा झाला आणि खालचा तसाच राहिला. वाटताना वरचा भाग व्यासपीठावर गेला, खालचा मंडपात. नांदूरघाटहून आलेल्या पाहुण्यांनी आपापली मोची द्रोणातच ठेवली आणि जेवण कुठं आहे याची चौकशी सुरू केली.

यानंतर भरवण्याचा कार्यक्रम झाला आणि चूक इथं झाली.

वाढदिवसाला नेत्याला घास भरवायचा, ही या भागातली पक्की रीत आहे. प्रत्येक वस्तीचा, प्रत्येक आघाडीचा एकजण येतो, स्वतःच्या हातानं केक नेत्याच्या तोंडात घालतो आणि तसाच हात धरून फोटो निघेपर्यंत थांबतो. ज्याचा घास नेत्यानं घेतला नाही तो माणूस दुसऱ्या दिवशी समोरच्या गटात दिसतो. आबांनी आजवर कोणाचाही घास नाकारलेला नाही. त्यांचं राजकारण या एका गोष्टीवर उभं आहे असं म्हणणारे लोक आहेत. केकला हे जमतं. केक तोंडात विरघळतो, चिमूटभर घेतला तरी मान राहतो. मोचीतून चिमूट निघत नाही. एक टोक धरून दाताखाली तोडायला जावं तर ती हातभर लांब होते आणि फोटो बिघडतो. अख्खा गोळाच तोंडात घ्यावा लागतो.

पहिला गोळा शिवशंकररावांनी भरवला. आबांनी तो चावायला सुरुवात केली. तो खाली उतरायच्या आत महिला आघाडीच्या चंद्रभागाबाई पुढं झाल्या.

"आबा, आमचा बी घ्या. का बायांचा चालत न्हाई?"

आबांनी घेतला. तिसरा सरपंचांचा होता. चौथा अभिमन्यू यांचा. आकारानं तो लिंबापेक्षा मोठा आणि मोसंबीपेक्षा थोडा लहान होता, यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे. अभिमन्यू यांनी तो आबांच्या तोंडात घातला, तळव्यानं थोडा आत सारला आणि कॅमेऱ्याकडं बघून हसले. आबांनी दात मिटले. वरची कवळी आत रुतली, खालची आत रुतली आणि डिंकानं आपलं काम केलं.

शिवशंकररावांनी माईक घेतला.

"बंधू-भगिनींनो, आज मी मुद्दाम आलो. पक्षाला या गटात तरुण चेहरा द्यायचाय. आबांसारखा अनुभवी माणूस मागं उभा असल्यावर तरुणांना भीती कसली? मी अभिमन्यू यांचं नाव जाहीर करतोय. आबा, तुमची काही हरकत असेल तर आत्ता, या सगळ्यांसमोर सांगा."

माईक आबांच्या तोंडाजवळ आला. डीजेच्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून श्वास ऐकू आला. मंडपातली माणसं पुढं वाकली. आबांचे डोळे मोठे झाले, गाल हलले, ओठ फाकले आणि आतले पांढरेशुभ्र दात दिसले. ते जागचे हलले नाहीत. त्यांनी हनुमान यांच्याकडं वळून दोन्ही हात जोडले. त्यांना पाणी पाहिजे होतं.

"पाहिलंत?" शिवशंकरराव म्हणाले. "याला मोठं मन म्हणतात."

टाळ्या वाजल्या. हनुमान यांना रडू आलं. ते डोळे पुसून पुढं झाले आणि आपल्या नेत्याच्या त्यागाची पहिली घोषणा त्यांनीच दिली.

इथं ती दोन मतं सुरू होतात. एक मत असं की शिवशंकररावांना काहीच कळलं नाही. दुसरं असं की माईक पुढं करण्याआधी ते आबांच्या गालाकडं बराच वेळ बघत होते.

कळलं ते सत्यभामाबाईंना. त्या महिलांच्या रांगेतून उठल्या, व्यासपीठावर चढल्या, नवऱ्याच्या तोंडावर आपला पदर धरला आणि त्यांना मंडपामागच्या गाडीत नेऊन बसवलं. 'आबा गहिवरले' असं त्या फोटोखाली नंतर छापून आलं.

गाडीच्या काचा वर होत्या.

"आ करा."

आबांनी मान हलवली.

"आ करा म्हन्ते ना. जल्मभर भाषणं करून मिटलं न्हाई ते तोंड आजच कावून मिटलं?"

त्यांनी बाटलीतलं पाणी ओठांच्या फटीतून सोडलं, दोन बोटं गालात घातली आणि हिसका दिला. वरची कवळी, खालची कवळी आणि चार जणांचं प्रेम असा एकच गोळा बाहेर आला. आबांनी मोठा श्वास घेतला. बाहेर अभिमन्यू यांच्या नावाचा जयजयकार चालू होता.

"मी जातो वर," आबा बोलले. दात नसल्यामुळं ते ऐकायला वेगळं आलं. "शांगतो शमद्यांना. माईक घेऊन शांगतो."

"काय सांगताल?"

"तोंड अडकलं व्हतं."

"कावून अडकलं, इचारतील."

आबांनी पत्नीच्या हातातल्या गोळ्याकडं पाहिलं.

"जा की," सत्यभामाबाई म्हणाल्या. "गाडीचं दार काय म्या अडवलं न्हाई. आता गेलात तर तिकीट बी मिळंल. अख्ख्या गटाला बोळकं दाखवावं लागंल, येवढंच."

आबांनी दाराच्या कडीवर हात ठेवला. आरशात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. दात गेले की काळी मिशी किती खोटी दिसते, हे त्यांना पहिल्यांदा कळलं असावं. त्यांनी ड्रायव्हरला बोलावलं आणि गाडी घरी घ्यायला सांगितली. तोंडावर उपरणं होतं.

नंतरच्या घडामोडी अशा. आबांचा हात जोडलेला फोटो अभिमन्यू यांनी 'आबांचा आशीर्वाद' या मथळ्याखाली सगळीकडं पाठवला. दोन्ही कवळ्या गरम पाण्यात ठेवल्या, तेलात ठेवल्या. डिंक सुटला, पण वरची तडकलेली निघाली. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी नवीनच करावी लागेल असं सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात या म्हणाले. आबांनी फोन घेणं बंद केलं, कारण फोनवर दात दिसत नसले तरी ऐकू येतात.

सोमवारी हनुमान घरी येऊन गेले. आबा उपरणं तोंडाला लावून बसले होते.

"आबा, आमाला तरी इचारायचं," हनुमान म्हणाले. "आमी घसा फोडून वरडलो, आन् तुमी हात जोडून मोकळे. पोरं म्हनत्यात, आबा ईकले गेले. मी एकाची गचांडी धरली. म्हनलं, आमचा आबा तसला न्हाई बे. पर तुमी बोलायला पाहिजे का न्हाई?"

आबांनी गालाकडं बोट दाखवलं.

"दाढ दुखती त्यांची," सत्यभामाबाई आतून म्हणाल्या.

"दाढ? या वयात आक्कलदाढ आली का काय?" हनुमान म्हणाले आणि आपण काहीतरी जास्त बोललो असं वाटून चहा न घेता उठले. बाहेर धुळाजी उखळ परत मागायला उभे होते. उखळाच्या तळाला मोची वाळून बसली होती आणि ती छिन्नीनं काढावी लागणार होती.

मंगळवारी पक्षाकडून कळवण्यात आलं, की अभिमन्यू यांच्या नावाला कोणाचा आक्षेप असल्यास त्यानं गुरुवारी बीडच्या कार्यालयात समितीपुढं स्वतः येऊन बोलावं. लेखी आक्षेप चालणार नाही, प्रतिनिधी चालणार नाही. समितीत शिवशंकरराव आहेत आणि बाहेरून आलेले दोघं आहेत. त्या दोघांनी व्हिडिओ पाहिलेला आहे. आबांना 'मी संमती दिली नव्हती' असं म्हणायचं असेल तर 'मग बोलला का नाहीत' हा प्रश्न येणार आणि त्याचं खरं उत्तर, तोंड उघडताच, न सांगता दिसणार. पक्षाचं धोरण तरुण चेहऱ्याचं आहे. निवडणूक केव्हा आहे हे अजून कोणालाच माहीत नाही. ती जाहीर व्हायची आहे.

गुरुवारी आबांची गाडी सकाळीच बीडला पोचली आणि पक्ष कार्यालयासमोर रस्त्याच्या पलीकडं उभी राहिली. मागच्या सीटवर आबा आणि सत्यभामाबाई होत्या. अभिमन्यू हार घेऊन आलेल्या पोरांसह आत गेले आणि तासाभरानं बाहेर आले. जाताना त्यांनी गाडीच्या बंद काचेला वाकून नमस्कार केला. काच खाली झाली नाही.

समितीचे बाहेरचे दोन सदस्य दुपारी जेवायला गेले, परत आले. आक्षेप घ्यायला कोणी आहे का, असं कार्यालयाच्या माणसानं दारात येऊन एकदा विचारलं. गाडीचं मागचं दार थोडं उघडलं. उपरण्याचं टोक बाहेर दिसलं, एक पाय खाली आला आणि बराच वेळ तसाच राहिला.

ही हकीगत लिहून होईपर्यंत समितीचं कामकाज चालू होतं आणि गाडीचं दार उघडंच होतं.